पोकळ पट्टीचे टोपण

मंदिराचा कळस कोणी चढविला, वाड्याचा दरवाजा कोणी बांधला, याची नोंद आपल्या इतिहासात पुष्कळदा सापडते. आढ्यावरच्या कौलांच्या सांध्यात चुना भरणाऱ्या गवंड्याची नोंद मात्र कोठे सापडत नाही. पहिला पाऊस पडला आणि माजघरात थेंब ठिबकू लागले, की मग घरच्या मंडळींना त्याची आठवण होते. आज मी वाचकांपुढे अशाच एका उपेक्षित वस्तूची हकीकत मांडणार आहे. ही वस्तू तळहातावर मावेल एवढी आहे. लांबलचक पोकळ पट्टीच्या टोकाला बसणारे ते एक टोपण आहे. अशा पट्ट्यांचा तळ असलेले ट्रेलर जगातल्या अनेक देशांत लाकडाचा भुसा, धान्य आणि शहरांचा कचरा वाहून नेत असतात आणि पोहोचल्या ठिकाणी तो आपण होऊन बाहेर लोटून देतात.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. धंदा शाळामास्तरकीचा, आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिण्याचा. यंत्रांशी माझा संबंध शाळेची घंटा आणि घरची शिवणयंत्राची दुरुस्ती एवढाच. परंतु माझा एक जुना विद्यार्थी अशा पट्ट्या कापण्याच्या आणि जोडण्याच्या कामावर आहे. मागे एकदा त्याने वीतभर लांबीचा पट्टीचा तुकडा आणि त्याचे टोपण माझ्या टेबलावर आणून ठेवले आणि विचारले, "मास्तर, सगळ्या पट्टीत अवघड काम कोणते, सांगा पाहू." मी पट्टीच्या घडणीकडे बोट दाखविले. तो हसून म्हणाला, "ती यंत्रातून निघते. अवघड आहे ते हे टोक बंद करणे." त्या एका वाक्याच्या मागे लागून मी जे वाचले आणि विचारले, त्याचे सार पुढे देत आहे.

प्रथम हा तळ चालतो कसा, ते समजून घेतले पाहिजे. ट्रेलरच्या हौद्याचा तळ सलग पत्र्याचा नसून हौद्याच्या लांबीइतक्या, एकमेकींना लागून ठेवलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा असतो. पट्ट्या बहुधा २१ किंवा २४ असतात. ही संख्या तिनाने भागली जाणारी असते, आणि त्यातच सारी युक्ती आहे. पहिली, चौथी, सातवी अशा पट्ट्यांचा एक गट. दुसरी, पाचवी, आठवी यांचा दुसरा. आणि उरलेल्यांचा तिसरा. प्रत्येक गट खाली एकेका आडव्या तुळईला जखडलेला असतो आणि ती तुळई तेलाच्या दाबावर चालणारा दट्ट्या मागेपुढे ढकलतो. तिन्ही गट एकदम दाराच्या दिशेने वीतभर सरकतात, तेव्हा वरचा सारा माल त्यांच्याबरोबर वीतभर सरकतो. नंतर गट एकेक करून परत फिरतात. एक गट मागे ओढला जातो त्या वेळी दोन गट जागच्या जागी उभे असतात. दोघांनी धरलेला माल एकाला मागे नेता येत नाही. तिन्ही गट परत आले, की पुन्हा सारे मिळून पुढे.

आपल्याकडे पालखीचे भोई खांदा बदलतात, तेव्हा एकेक भोई बाजूला होतो आणि बाकीचे पालखी पेलून धरतात. म्हणून पालखी ना हिंदकळते ना थांबते. येथेही तोच न्याय आहे. घर्षण हे वजनाच्या प्रमाणात असते, हा नियम गियोम आमाँताँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६९९ साली पॅरिसच्या विज्ञानसभेपुढे मांडला. हा चालता तळ म्हणजे त्या नियमाचे केवळ एक उदाहरण आहे. दोन तृतीयांश वजनाचे घर्षण एक तृतीयांशावर मात करते, एवढेच.

ही युक्ती सुचली ती अमेरिकेच्या पश्चिम टोकाच्या ऑरेगन राज्यात. त्यालाही कारण आहे. ऑरेगन हा जंगलांचा आणि लाकूड कापणाऱ्या गिरण्यांचा मुलूख. त्याच्या किनाऱ्याजवळ टिलामूक नावाचे गाव आहे. या गावाच्या परिसरातल्या जंगलात १९३३, १९३९, १९४५ आणि १९५१ असे बरोबर सहा सहा वर्षांच्या अंतराने प्रचंड वणवे पेटले, आणि लोक त्याला शापच म्हणू लागले. गिरण्यांतून निघणारा भुसा आणि ढलप्या त्या काळी कचरा समजला जाई. गिरणीशेजारी शंकूच्या आकाराच्या लोखंडी भट्ट्या असत. त्यांत तो रात्रंदिवस जाळीत आणि धूर गावावर पसरे. पुढे ढलप्यांपासून कागदाचा लगदा आणि भुशापासून दाबलेले तक्ते होऊ लागले. धुराविरुद्धचे कायदेही कडक झाले. काल जाळायची वस्तू आज विकायची झाली, आणि मग ती शेकडो मैल वाहून नेण्याचा प्रश्न उभा राहिला.

वाहून नेणे सोपे होते, उतरवणे कठीण. भुसा हलका, तेव्हा हौदा लांबलचक आणि उंच करावा लागतो. असा चाळीस फुटी हौदा डंपरसारखा एका बाजूने वर उचलला, की त्याचे टोक आकाशात जाते. जमीन किंचित मऊ असली, माल एका अंगाला चिकटून राहिला, वारा आडवा आला, तर सारे धूड कलंडते. वरून विजेच्या तारा गेल्या असल्या तर चालकाच्या जिवावर बेतते. छपराखाली तर उचलणेच शक्य नाही. मोठ्या कारखान्यांनी आख्खा ट्रकच उचलून तिरपा करणारे फलाट बांधले. पण ते प्रत्येक गावी कोण बांधणार? उरला फावडे घेतलेला माणूस. तो मालाच्या ढिगात उभा राहून तास न् तास भुसा ओढणार आणि धूळ छातीत घेणार. आडव्या हौद्यातून, माणूस आत न उतरवता, माल बाहेर कसा काढावा, या प्रश्नात माणसांचे जीव गुंतले होते; म्हणून या शोधाला मी खेळण्यातली युक्ती समजत नाही.

टिलामूकच्या ओलोफ हॅलस्ट्रॉम यांना १९७० साली अशा मागेपुढे सरकणाऱ्या पट्ट्यांच्या यंत्राचे पेटंट मिळाले. त्याच राज्यात डोंगरांच्या पलीकडे, कोरड्या पठारावर, रेमंड कीथ फॉस्टर हे दुसरे कारागीर याच कल्पनेवर राबत होते. १९७० नंतरच्या दशकात त्यांनी ती बाजारात रूढ केली आणि पुढे तिच्या निरनिराळ्या अंगांवर पेटंटांची रांगच लावली. दोन्ही घराण्यांत कज्जा जुंपला. पहिला दावा संमतीच्या हुकूमनाम्याने मिटला. नव्या घडणीच्या यंत्रावरून तो पुन्हा उभा राहिला आणि १९९१ साली अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयापर्यंत गेला. एकदा संमतीने मान्य केलेल्या पेटंटाविरुद्ध पुन्हा तक्रार करता येते काय, असा तो वाद होता. नवे यंत्र तत्त्वतः जुन्यासारखेच असेल तर आधीची मान्यता बांधील राहील, असा न्यायालयाचा निर्णय झाला. बांध कोणाचा यावरून पिढ्यान् पिढ्या कोर्टाची पायरी चढणाऱ्या आपल्या खेड्यांतील भाऊबंदांना हे प्रकरण मुळीच परके वाटणार नाही.

फॉस्टर यांच्या गावाचे नाव वाचून मी चकित झालो. ते नाव मद्रास! गाव वसले तेव्हा संस्थापकाच्या नावावरून सुचविलेले नाव टपालखात्याने दुसऱ्या एका नावाशी साम्य असल्यामुळे नाकारले. मग १९०३ च्या सुमारास 'मद्रास' हे नाव पडले. दुकानातल्या मद्रासी चौकडीच्या कापडाच्या ताग्यावरून ते घेतले, असे एक मत. मद्रास शहरावरूनच घेतले, असे दुसरे. आपल्या मद्रासचे १९९६ साली चेन्नई झाले. ऑरेगनचे मद्रास अजून मद्रासच आहे.

या दोन मद्रासांना जोडणारा आणखी एक धागा आहे, आणि तो या पट्ट्यांच्या धातूचा आहे. ॲल्युमिनियम एके काळी चांदीच्या तोलाचे होते, हे आज कोणाला खरे वाटणार नाही. वॉशिंग्टन शहरात ५५५ फूट उंचीचा दगडी मनोरा आहे. तो आतून पोकळ आहे. ६ डिसेंबर १८८४ रोजी त्याच्या अगदी टोकावर ॲल्युमिनियमचे शंभर औंसांचे छोटेसे टोपण बसविण्यात आले. ते त्या काळचे अपूर्वाईचे ओतकाम होते. योगायोग असा, की त्याच दिवशी ओहायो राज्यातील चार्ल्स मार्टिन हॉल नावाचा तरुण एकवीस वर्षांचा झाला. पुढे चौदा-पंधरा महिन्यांत, १८८६ च्या फेब्रुवारीत, त्याने घरच्या लाकडाच्या खोपटात विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम स्वस्तात काढण्याची रीत शोधून काढली. त्याच वर्षी फ्रान्समध्ये पॉल एरू यानेही तीच रीत शोधली. दोघे जन्मले १८६३ साली आणि दोघे वारले १९१४ साली. चांदीच्या तोलाचा धातू काही वर्षांत चुलीपर्यंत आला. आमच्या मद्रासमध्ये तेथील कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८ च्या सुमारास त्याची भांडी घडविण्यास आरंभ केला. आपल्या खेड्यांत अजूनही म्हाताऱ्या बायका त्या भांड्यांना 'जर्मनची भांडी' म्हणतात.

भांडे ठोकून होते. तेरा मीटर लांबीची पोकळ पट्टी ठोकून होत नाही. ती कशी होते, हे दिवाळीच्या दिवसांत समजावून सांगणे फार सोपे आहे. घरोघर सोऱ्या माळ्यावरून खाली आलेला असतो. पिठाचा गोळा आत घालायचा, वरून दाबायचे, आणि खालच्या ताटलीला जसे भोक तशी शेव किंवा चकली बाहेर पडते. धातूंचा सोऱ्या जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने १७९७ साली शिशाच्या नळीसाठी कल्पिला. टॉमस बर यांनी १८२० साली तो पाण्याच्या दाबावर चालविला. अलेक्झांडर डिक यांनी १८९४ साली तापवून मऊ केलेले पितळ त्यातून दाबून काढले. ॲल्युमिनियमला ही रीत विशेष मानवली. पोकळी हवी असली, की ताटलीच्या भोकात मधोमध एक ठोकळा पुलासारखा टांगून ठेवतात. तापलेला धातू त्याच्या दोन्ही अंगांनी फुटून वाहतो आणि पलीकडे प्रचंड दाबाखाली पुन्हा एकजीव होतो. बाहेर पडते ती अखंड पोकळ पट्टी.

पोकळ कशासाठी? स्वस्ताईसाठी, असे प्रथम वाटते. पण पोकळपणात बळ आहे. सारख्याच वजनाची भरीव काठी आणि पोकळ नळी घेतली, तर वाकण्याला नळी अधिक दाद देत नाही. कारण तिचा धातू मध्यापासून दूर, जेथे ताण पडतो तेथेच ठेवलेला असतो. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात बोरू आणि पक्ष्यांची हाडे यांचे दाखले देऊन हे सांगितले. आपल्याला कळकाचा दाखला पुरे आहे. परंतु कळकाकडे नीट पाहिले, तर आणखी एक गोष्ट दिसते. निसर्गाने त्याला पोकळ केले, पण उघडे ठेवले नाही. हात-दीड हातावर एकेक पेर घालून त्याने ती पोकळी बंद केली आहे. सोऱ्यातून आलेल्या पट्टीला पेर नसते. ती दोन्ही टोकांना उघडी असते.

आणि उघड्या टोकातून काय आत जात नाही? भुशाचे कण जातात, धान्य जाते, कचऱ्यातले घाण पाणी जाते. पट्टी दर खेपेस मागेपुढे होते, त्यामुळे आत शिरलेला माल ठासला जातो. गेल्या आठवड्याचे धान्य आत कुजते आणि नव्या धान्यात सांडते. थंड मुलखात आतल्या ओलीचा बर्फ होतो. वजन वाढते ते निराळेच. यासाठी टोपण हवे. लहान वाटणारे हे काम कसे तिढ्याचे आहे, ते आता पाहू.

पहिला उपाय वेल्डिंगचा. टोकावर पत्र्याचा तुकडा ठेवून चारही कडा झाळून टाकायच्या. पण हा धातू शुद्ध ॲल्युमिनियम नसतो. त्यात मॅग्नेशियम आणि सिलिकॉन मिसळून, ठराविक उष्णतेत काही तास ठेवून त्याला कणखर केलेले असते. काळ जाऊ दिल्याने अशा मिश्रणात बळ येते, हा शोध आल्फ्रेड विल्म या जर्मन शास्त्रज्ञाला १९०६ साली तांबे मिसळलेल्या ॲल्युमिनियमवर प्रयोग करताना लागला. वेल्डिंगची आच लागली, की कमाविलेले हे बळ सांध्याशेजारी जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणजे टोक बंद होते आणि टोकच दुबळे होते. माझ्या विद्यार्थ्याने आणखी एक गंमत सांगितली. चौथी कड झाळताना आत कोंडलेली हवा तापते आणि शेवटचे छिद्र बंदच होऊ देत नाही. वितळलेला धातू फुंकरीने उडवून लावते. म्हणून आधीच हवेला वाट म्हणून एक बारीक भोक ठेवावे लागते. बंद करण्यासाठी आधी उघडे ठेवावे लागते, हे त्याने कोणत्याही पुस्तकात वाचलेले नव्हते.

दुसरा उपाय रिव्हेट किंवा स्क्रू. पण शेजारच्या पट्टीशी अंतर थोड्याच मिलिमीटरांचे, तेव्हा बाजूला डोके वर राहून चालत नाही. वरच्या अंगाला राहिले तर माल अडतो आणि डोके झिजून जाते. लोखंडी स्क्रू घातला, तर ओल आणि खार यांच्या संगतीने दोन भिन्न धातूंत विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि स्क्रूभोवतीचे ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडू लागते. आटे सैल होतात आणि एक दिवस टोपण मालाबरोबर निघून जाते.

तिसरा उपाय प्लास्टिकच्या बुचाचा. ठोकून बसवले की झाले! पण पॉलिथीन उष्णतेने ॲल्युमिनियमच्या पाचपटीहून अधिक फुगते आणि थंडीने तितकेच आकसते. उन्हाळ्यात घट्ट बसलेले बूच हिवाळ्याच्या पहाटे खुळखुळू लागते. म्हणून केवळ घट्टपणावर विसंबता येत नाही. बुचाला जीभ ठेवावी लागते आणि पट्टीच्या भिंतीला खालच्या अंगाने भोक. जीभ भोकात अडकली, की बूच आकसले तरी निसटत नाही, आणि झिजल्यावर जीभ दाबून ते काढताही येते. आच नाही, वर आलेले डोके नाही, शेजारणीशी घासणे नाही. अर्थात भोक पाडण्याची जागा चुकली, तर पट्टी तेथूनच चिरते. निर्दोष उपाय या व्यवहारात कोठेच नाही. कोणता दोष आपल्या कामात कमी बाधतो, एवढेच पाहायचे.

मी मास्तर असल्यामुळे हिशोब केल्याशिवाय राहवत नाही. तेरा मीटरचा हौदा वीतवीत सरकवून रिकामा करायला सुमारे साठ फेरे लागतात. दर फेऱ्याला पट्टी दोनदा दिशा बदलते. दिवसाला तीन खेपा आणि वर्षाला तीनशे दिवस धरले, तर वर्षात एक लाखाहून अधिक वेळा त्या टोपणाला झटका बसतो. शिवाय चाळीस अंशांच्या फरकाने तेरा मीटरची पट्टी स्वतःच सुमारे बारा मिलिमीटर लांब-आखूड होते. एवढे सोसून ते जागेवर राहिले, तर कोणी त्याचे नाव घेत नाही.

कादंबरीकाराला पोकळ वस्तूचे टोक कसेबसे बंद करण्याची विद्या चांगली अवगत असते, असे माझे टीकाकार म्हणतील. म्हणोत. पण आपल्या जुन्या कथाकारांना टोकाचे महत्त्व पुरते ठाऊक होते. युद्धाच्या ऐन रंगात दशरथाच्या रथाच्या आसाची खीळ निसटली आणि कैकेयीने तेथे आपले बोट घातले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आसाच्या टोकाची खीळ ती केवढी! पण तिच्यापायी दोन वर आले, दोन वरांपायी चौदा वर्षांचा वनवास आला, आणि पुढचे रामायण घडले. रथ कोणत्या सुताराने घडविला, हे कथाकाराने सांगितले नाही. खीळ कोठे निसटली, हे मात्र तो विसरला नाही.

यंत्रांच्या इतिहासात याच्या नेमके उलटे घडले आहे. तळ चालविण्याच्या कल्पनेवर हक्क कोणाचा, याची नोंद पेटंटांत आहे, न्यायालयाच्या निवाड्यात आहे. आणि ती असावीही, कारण त्या कल्पनेने फावडेवाल्याला ढिगातून आणि चालकाला कलंडत्या हौद्याखालून बाहेर काढले. परंतु टोपण जर गळले, पट्ट्या ठासून बसल्या आणि तळ अर्ध्यावर अडला, तर तोच माणूस पुन्हा फावडे घेऊन त्याच ढिगात उतरतो. शोधाने जे वाचविले ते टोपणाने राखायचे असते. म्हणून हा इतिहास लिहिताना ज्यांनी टोक बंद केले, त्यांच्यासाठी एखादे पान तरी राखून ठेवावे, असे मला वाटते. पट्टीवरच्या हक्काचा वाद न्यायालयांपुढे गेला. ती आज उघडी आहे की बंद, याचा निवाडा रोज पहाटे, माल भरण्यापूर्वी, हौद्याच्या मागे जाऊन एकेका टोकावर बोट फिरवून पाहणाऱ्या चालकाने करायचा असतो.